तांत्रिक शाळेत परकीय भाषा: तासांचा हिशेब आणि वर्कशॉपची मदत

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास पाहा: शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना आहे, वाळूजला मोजमापाची उपकरणं बनवणारी एंड्रेस हाउझर आहे, चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे. ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीत ह्योसंग ही कोरियन कंपनी आली. लातूरजवळ हरंगुळच्या कोच कारखान्यात वंदे भारत स्लीपर गाड्या बांधण्याचं काम ज्या कंपनीकडे आहे, तिच्यात रशियन भागीदार आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून आयटीआय, व्यवसाय अभ्यासक्रमाची कनिष्ठ महाविद्यालयं, तंत्रशाळा आणि कृषी तंत्र विद्यालयांत एकच विचारणा होते: आमच्याकडे जर्मन किंवा जपानी सुरू करता येईल का?

येईल. मात्र साध्या शाळेतला भाषेचा वर्ग उचलून तांत्रिक शाळेत ठेवला, तर तो दिवाळीच्या आत रिकामा होतो. तांत्रिक शाळेचं वेळापत्रक, मुलांची पार्श्वभूमी आणि भाषेची गरज हे सगळं वेगळं असतं. या लेखातली बहुतेक उदाहरणं जर्मनची आहेत, कारण सध्या मागणी तिलाच आहे. जपानीचा उल्लेख जिथे फरक पडतो तिथे केला आहे.

आधी तास मोजा

कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये भाषेच्या सहा पातळ्या, सोप्याकडून अवघडाकडे, ठरवून दिल्या: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटचा अंदाज असा की ए१ गाठायला ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात, ए२ पर्यंत एकूण २०० ते ३५०, बी१ पर्यंत ३५० ते ६५० आणि बी२ पर्यंत ६०० ते ८००.

आता आपल्या शाळेचं गणित मांडू. आठवड्याला चाळीस मिनिटांच्या चार तासिका धरल्या. सुट्ट्या, स्नेहसंमेलन, निवडणुकीची कामं आणि सत्र परीक्षा वजा जाता अकरावीत प्रत्यक्ष हाती लागतात साधारण तीस आठवडे. म्हणजे १२० तासिका, ४५ मिनिटांच्या मापाने सुमारे १०७. बारावीत प्रात्यक्षिकं आणि बोर्डामुळे बावीस आठवडेच धरायचे: ८८ तासिका, म्हणजे सुमारे ७८. दोन वर्षांची बेरीज १८५. यात ए१ व्यवस्थित होतं आणि ए२ चा उंबरठा दिसतो. हेच काम नववीपासून सुरू केलं, तर चार वर्षांत ३७० च्या आसपास तासिका होतात. त्यात ए२ नीट होतं आणि हुशार, नियमित मूल बी१ च्या दाराशी पोचतं.

हे आकडे पालकसभेत फळ्यावर लिहून दाखवावेत. जर्मनीत आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे कारखान्यात काम करत शिकण्यासाठी जायचं तर साधारणपणे बी१ मागतात. परिचारिकेच्या नोंदणीसाठी बी२. ‘तीन महिन्यांत जर्मन आणि थेट नोकरी’ असं सांगून कोणी पैसे मागत असेल, तर वरची बेरीज पालकांनीच करून पाहावी. शेती गहाण ठेवून पैसे भरलेल्या घराला हा हिशेब नंतर कळणं फार क्रूर असतं. तो पहिल्याच दिवशी शाळेने सांगायचा असतो.

तासिका कुठे ठेवायच्या याचंही उत्तर ठरलेलं आहे: शाळेच्या वेळेत. शाळा सुटल्यावरचा वर्ग मराठवाड्यात टिकत नाही, कारण खेड्यातली मुलं एसटीने येतात आणि शेवटची गाडी वर्गासाठी थांबत नाही. दोन सलग तासिका आठवड्यातून दोनदा ठेवण्यापेक्षा चार वेगवेगळ्या दिवशी एकेक ठेवलेली बरी. दोन भेटींत मोठा खंड पडला की शब्द विसरतात आणि पुढच्या वेळी निम्मा तास मागचंच उगाळण्यात जातो. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की तासिका तीस मिनिटांवर येते. त्या काळात नवा पाठ घेऊ नये, फक्त ऐकणं आणि बोलणं घ्यावं.

बीड आणि आसपासच्या भागात ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. काही मुलं घरच्यांबरोबर जातात, काही मागे राहून धाकट्या भावंडांना आणि घराला सांभाळतात. हजेरी दोन्हीकडे तुटते. म्हणून पाठांची रचना अशी हवी की महिनाभर गैरहजर राहिलेल्या मुलाला पुन्हा शिरता यावं. उच्चार, अंक, वेळ, स्वतःची ओळख आणि साध्या आज्ञा हा पाया जून ते ऑक्टोबरमध्ये बांधून घ्यायचा. नोव्हेंबरपासूनचे पाठ हत्यारं, मोजमाप, सुरक्षा, आजारपण, बाजार अशा स्वतंत्र विषयांचे ठेवायचे, एकमेकांवर न टेकणारे. जाणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये त्या महिन्याचे ध्वनिमुद्रित पाठ आधीच भरून द्यावेत.

वर्कशॉप हीच प्रयोगशाळा

साठ मुलांच्या वर्गात चाळीस मिनिटांत प्रत्येकाला बोलायला सारखी संधी दिली, तर वाट्याला चाळीस सेकंद येतात. वीस जणांच्या गटात दोन मिनिटं येतात. जोड्या लावल्या तर प्रत्येकाला वीस मिनिटं मिळू शकतात, पण साठ मुलांच्या तीस जोड्यांकडे एक शिक्षक लक्ष देऊ शकत नाही.

तांत्रिक शाळेकडे याचा तयार उपाय आहे आणि तो बहुतेक ठिकाणी वापरला जात नाही. प्रात्यक्षिकांसाठी मुलांच्या बॅचेस आधीच पाडलेल्या असतात. भाषेच्या चारपैकी एक तासिका वर्कशॉपमध्ये, त्या बॅचबरोबर घ्यावी. निदेशक, म्हणजे वर्कशॉपचा शिक्षक, हजर असतो, हत्यारं समोर असतात, गट लहान असतो. वेगळी खोली लागत नाही, वेगळा खर्चही लागत नाही. लागतं ते एवढंच की भाषाशिक्षक आणि निदेशक यांची आठवड्याला अर्ध्या-पाऊण तासाची बैठक वेळापत्रकात अधिकृतपणे दाखवलेली असावी आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला त्या वेळेचं मानधन मिळावं. ही बैठक ‘जमेल तशी करा’ म्हणून सोडली की ती होत नाही.

बैठकीत निदेशक सांगतो, या आठवड्यात फायलिंग आहे की ड्रिलिंग. भाषाशिक्षक त्यातून आठ-दहा शब्द आणि तीन-चार वाक्यं काढतो. यादी करताना नामांचा ढीग करू नये. कानस, हातोडा, पक्कड ही नावं मुलं दोन दिवसांत पाठ करतात आणि मग वाक्य बनवताना अडतात. क्रियापदं आधी हवीत: पकड, घट्ट कर, सैल कर, मोज, पूस, चालू कर, बंद कर, थांब. अशी तीस क्रियापदं पक्की झाली की वर्कशॉपमधला बराचसा संवाद उलगडतो.

आज्ञा ऐकून शरीराने कृती करायची, ही पद्धत जेम्स अ‍ॅशर यांनी मांडली. पहिले तीन-चार आठवडे मुलांना बोलायला लावायचंच नाही. शिक्षक म्हणतो, ‘गेबन ज़ी मिअर डेन हामर’, आणि मूल हातोडा उचलून देतं. बोलण्याची भीती नसल्यामुळे मागच्या बाकावरची मुलंही यात उतरतात, आणि समजलं की नाही हे हातांकडे पाहून कळतं.

मशीनवर एक धोका मात्र आहे. जर्मनमध्ये काही क्रियापदं दोन तुकड्यांत फुटतात आणि निर्णायक तुकडा वाक्याच्या शेवटी जातो. ‘शाल्टन ज़ी दी माशीने आइन’ म्हणजे मशीन चालू करा, आणि ‘शाल्टन ज़ी दी माशीने आउस’ म्हणजे बंद करा. शेवटचा शब्द येईपर्यंत दोन्ही वाक्यं सारखीच. उतावळं मूल ‘माशीने’ ऐकताच बटणाकडे हात नेतं. म्हणून या आज्ञांचा सराव मुख्य वीज बंद असलेल्या मशीनवरच घ्यायचा, आणि वाक्य संपेपर्यंत हात कमरेवर हा नियम ठेवायचा.

इंग्रजीसारखी दिसणारी अक्षरंही फसवतात. लाल बटणावर ‘नोट-आउस’ (Not-Aus) लिहिलेलं असतं, म्हणजे आणीबाणीत बंद करण्याचं बटण. इंग्रजी वाचण्याची सवय असलेलं मूल त्यातल्या पहिल्या शब्दाला ‘नाही’ समजतं. कृषी विद्यालयात तर हे पहिल्याच आठवड्यात सांगावं: जर्मन डब्यावर ‘गिफ्ट’ असं लिहिलं असेल, तर आत विष आहे. पॅनेलवर ‘ड्र्युकन’ म्हणजे दाबा आणि ‘ड्रुकन’ म्हणजे छापा, अक्षरावरच्या दोन टिंबांचाच काय तो फरक.

मोजमापातही असंच. जर्मन लोक दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजारासाठी टिंब. ड्रॉइंगवर ‘२,५’ असेल तर ते अडीच मिलिमीटर, ‘१.०००’ असेल तर ते एक हजार. हे न सांगता जर्मन ड्रॉइंग हातात दिलं तर जॉब, म्हणजे घडवत असलेला तुकडा, वाया जातो. घड्याळही तपासावं: ‘हाल्ब फीअर’ म्हणजे साडेतीन, साडेचार नव्हे. शिफ्टची वेळ इथे चुकते.

मराठीतून शिकवा

जर्मन किंवा जपानी इंग्रजीतून शिकवण्याची पद्धत पडली आहे, कारण पुस्तकं तशी मिळतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलासाठी यात दोन ओझी होतात. शिवाय इंग्रजीतून गेलं की मराठीत आयती असलेली मदत वाया जाते, आणि ती मदत लहान नाही.

अंक घ्या. जर्मनमध्ये पंचेचाळीस म्हणताना आधी पाच येतात, मग चाळीस: ‘फ्युन्फ-उंड-फीर्त्सिख’. मराठीतही तोच क्रम. इंग्रजीतून आलेलं मूल ऐकून ५४ लिहितं, मराठीतून आलेलं ४५ लिहितं. जर्मनमध्ये लिंगं तीन, मराठीतही तीन. ‘कारण मी आजारी आहे’ याचं जर्मन होतं ‘वाइल इख क्रांक बिन’, शब्दाला शब्द त्याच क्रमात, क्रियापद शेवटी. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं, तिथे मात्र मराठी सवय मोडावी लागते. लांबलचक जोडशब्दांची भीती घालवायला आपला तत्पुरुष समास पुरतो: शेवटचं पद मुख्य, लिंग त्याच्यावरून. जपानी तर मराठीच्या आणखी जवळची. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, आणि विभक्तीसारखे प्रत्यय शब्दामागून येणारे.

उच्चारांत दोन गोष्टी मराठवाड्याच्या मुलांना विशेष सोप्या जातात. जर्मन ‘झेड’चा उच्चार म्हणजे आपल्या चमच्यातला च. पक्कड म्हणजे ‘त्सांगे’, दात्यांचं चाक म्हणजे ‘त्सानराट’. शिक्षकाने फक्त ‘चमच्यातला च’ म्हणावं, मूल पहिल्या झटक्यात बरोबर म्हणतं. इंग्रजी वळणाने शिकवलं तर ते वर्षभर ‘झ’ म्हणत राहतं. दुसरी गोष्ट, ‘बाख’ सारख्या शब्दातला घशातून घासत येणारा ख. आपल्याकडे प्रत्येक वर्गात दखनी उर्दू बोलणारी मुलं असतात आणि ‘ख़बर’, ‘ख़राब’मधला हा ख़ त्यांच्या घरच्या बोलीत रोज असतो. त्या मुलांना उच्चाराचे गटप्रमुख करावं. ज्यांना भाषेच्या तासाला सहसा मागे धरलं जातं, ती मुलं इथे पुढे येतात आणि वर्गाचा तोल चांगल्या अर्थाने बदलतो.

जड जाणारे स्वर दोन. ओठ ‘ऊ’साठी करावे तसे गोल ठेवायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचं, हा एक. ओठ ‘ओ’चे आणि आवाज ‘ए’चा, हा दुसरा. फोनचा पुढचा कॅमेरा आरसा म्हणून वापरून रोज दोन मिनिटं करावं. पंधरवड्यात फरक दिसतो.

एक सापळाही सांगायला हवा. लिंगं तीनच असली तरी ती जुळत नाहीत. ‘डेर हामर’ पुल्लिंगी, आपला हातोडाही पुल्लिंगी. ‘दी फाइले’ स्त्रीलिंगी, कानसही स्त्रीलिंगी. मुलांना वाटतं सगळं जमलं. मग ‘दी माशीने’ स्त्रीलिंगी निघतं आणि ‘ते मशीन’ आडवं येतं. म्हणून शब्द कधीच एकटा शिकवायचा नाही, सोबत डेर, दी किंवा दास हवंच. वर्कशॉपमधल्या चिठ्ठ्याही रंगीत कराव्यात: पुल्लिंगी निळी, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरवी. तेलकट हातांनी कागद आठवड्यात जातो, त्यामुळे चिठ्ठीवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी.

शब्द टिकवणं आणि कान तयार करणं

ए१ ला लागणारी यादी साधारण साडेसहाशे शब्दांची असते. एका तासिकेला सहा शब्द धरले, तर १२० तासिकांत ७२० होतात. संख्या अवघड नाही, अवघड आहे ते टिकणं. चपलांच्या खोक्यात पाच कप्पे करून शब्दांची कार्डं ठेवायची. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने उघडायचा. बऱ्याच शाळांत पहिला महिना उत्साहाने जातो आणि मग पहिला कप्पा फुगत जातो. तो तीस कार्डांच्या वर गेला की दोन दिवस नवीन शब्द बंद, हा नियम शिक्षकाने कडकपणे पाळावा.

ऐकण्याच्या परीक्षेत आपली मुलं सर्वात जास्त पडतात, आणि याचं कारण बऱ्याचदा खोलीत असतं. पत्र्याच्या छपराची, रिकाम्या भिंतींची खोली आवाज घुमवते. शिक्षकाच्या टेबलावर ठेवलेला स्पीकर पुढच्या दोन ओळींपुरताच राहतो. स्पीकर खोलीच्या मधोमध, मुलांच्या डोक्याच्या उंचीवर ठेवावा. शाळेत सर्वात लहान, सामानाने भरलेली खोली असेल तर ऐकण्यासाठी तीच निवडावी, त्यात आवाज कमी घुमतो. ध्वनिफिती पेनड्राइव्हवर उतरवून ठेवाव्यात, इंटरनेटच्या भरवशावर तास लावू नये. चार्ज होणारा स्पीकर असला की वीज गेल्यावरही तास चालतो. जर्मनीची डॉइचे वेले आणि जपानची एनएचके वर्ल्ड या प्रसारण संस्थांचे नवशिक्यांसाठीचे पाठ फुकट उपलब्ध आहेत.

फीत अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत ऐकवावी, प्रत्येक तुकडा तीनदा. पहिल्यांदा पुस्तक मिटलेलं, दुसऱ्यांदा एकच प्रश्न समोर ठेवून, तिसऱ्यांदा मजकूर पाहत. मजकूर आधी दाखवला की मुलं वाचतात, ऐकत नाहीत.

शिक्षक मिळत नसेल तर

तालुक्याच्या गावात जर्मनचा किमान बी२ झालेला शिक्षक पूर्णवेळ मिळणं कठीण. चालू शकणारी रचना अशी: दूरवरचा प्रशिक्षित शिक्षक आठवड्यात दोन तासिका पडद्यावरून घेतो, उरलेल्या दोन शाळेतला इंग्रजीचा किंवा मराठीचा शिक्षक घेतो. या स्थानिक शिक्षकाने नवीन काही शिकवायचं नसतं. कार्डांचा खोका, फिती, जोडीतला सराव आणि वर्कशॉपमधल्या आज्ञा एवढंच त्याचं काम. तो मुलांच्या एक-दोन पाठ पुढे राहिला तरी पुरतं. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं इंटरनेटच्या आधाराने जपानी शिकत असल्याच्या बातम्या २०२० मध्ये सगळीकडे आल्या होत्या, तेव्हा हे खेड्यात होत नाही असं म्हणण्यात अर्थ नाही.

पडद्यावरचा तास फसतो तो माइकमुळे. पन्नास मुलं, लॅपटॉपचा एक माइक आणि पलीकडच्या शिक्षकाला ऐकू येणारा गोंगाट. लांब वायरचा एक हातातला माइक घ्यावा, तो ओळीने फिरवावा, आणि या तासाला पंचवीसपेक्षा जास्त मुलं बसवू नयेत.

परीक्षा

शाळेची चाचणी ‘याचं मराठीत भाषांतर करा’ अशी असेल, तर मुलं तेवढंच शिकतील. गोएथेची ए१ परीक्षा ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं अशा चार भागांत, १०० गुणांची असते आणि ६० गुणांना उत्तीर्ण होते. घटक चाचणीतही हे चार भाग ठेवावेत. बोलण्याच्या भागासाठी वर्कशॉपची बॅच वापरली तर साठ मुलांची तोंडी तीन आठवड्यांत आटोपते. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘फिट इन डॉइच’ ही वेगळी परीक्षा आहे, नववी-दहावीच्या मुलांना ती जास्त मानवते.

जपानीची जेएलपीटी ही भाषाक्षमता परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. एन५ या तिच्या सर्वात सोप्या पातळीला १८० पैकी ८० गुण लागतात. शिवाय भाषाज्ञान आणि वाचनात १२० पैकी किमान ३८, ऐकण्यात ६० पैकी किमान १९ हवेत. एका भागात कमी पडलं तर बेरीज कितीही असो, नापास. या परीक्षेत बोलण्याचा भाग नसतो. त्यामुळे एन५ झालेल्या मुलाला बोलता येतंच असं गृहीत धरू नये, बोलण्याची चाचणी शाळेने स्वतः घ्यावी.

दोन्ही परीक्षांसाठी पुण्या-मुंबईला जावं लागतं. शुल्क, प्रवास आणि एका रात्रीचा मुक्काम हा खर्च वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना सांगावा. गटाने एका शिक्षकाबरोबर पाठवलं तर तो कमी होतो आणि मुलींना घरून परवानगी मिळणं सोपं जातं. पासपोर्ट किंवा आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरशः एक असावं. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्या फरकानेही नंतर प्रमाणपत्र अडतं.

तासिका तत्त्वावरचा शिक्षक केव्हाही बदलतो, म्हणून शाळेकडे एक फाइल असावी: प्रत्येक ट्रेडची शब्दयादी, घेतलेल्या पाठांची तारीखवार नोंद, फितींचा पेनड्राइव्ह, मुलांचे चारही भागांचे गुण. ती निदेशकाच्या कपाटात ठेवावी, कारण तो बहुधा शाळेत टिकून राहतो.